शून्य सेंटिमीटर

ओउलूमध्ये पहाटेचे तीन. उणे सव्वीस.
तूलिक्कीचा फोन उशाशी थरथरतो:
बेटाकडे जाणाऱ्या बर्फवाटेवर
सातव्या खांबापाशी बर्फाची जाडी शून्य.
परत शून्य. परत शून्य.
सेकंदाला चाळीस हजार वेळा शून्य.

काल संध्याकाळी तिथून दुधाचा टँकर गेला,
तेव्हा बावन्न सेंटिमीटर होतं.
समुद्र इतका उतावळा नसतो.

लोकरी मोजे चढवून ती कोड उघडते.
सातव्या खांबाचं चॅनेल
ओस्मोनं रात्री निगुतीनं बंद केलेलं.
आत उरलेली मोजमापं शेवटपर्यंत पोचती झाली,
एकही सांडलं नाही.
त्यानंतर जो विचारेल त्याला
लगेच, न थकता, शून्य.
सोबत एक दुसरा शब्दही येत होता: नाही.
म्हणजे हे मोजलेलं शून्य नाही,
इथे आता कुणी नाही.
तो शब्द ऐकायची सोय तिनंच केली नव्हती.
ऑक्टोबरात. घाईत.

बंद चॅनेलला विचारलेलं चालतं.
त्याच्या हाती काही द्यायला जा,
अख्खा प्रोग्रॅम उताणा.
मिटलेलं पुन्हा मिटायला जा, तरी तेच.

आणि आठवा खांब?
त्याची तर तक्रारच नाही.
नाव लिहिलं, चॅनेल घडवायचं राहून गेलं,
नुसती पाटी, मागे भिंतही नाही.
तिच्यासमोर एक गोरूटीन उभं
तीन आठवडे,
हूं नाही की चूं नाही.
बाकीचे चालते-बोलते आहेत तोवर
एकाचा खोळंबा कुणाच्या लक्षात येत नाही.
सगळेच थिजले तर यंत्र ओरडतं.

काट्यानं काटा:
सातव्याचा ‘नाही’ कानी पडला
की तिथे ती तीच कोरी पाटी लावते.
सिलेक्ट आता त्या दाराकडे बघतही नाही.
शून्यांचा पाऊस थांबतो.
मग आठव्याचं चॅनेल घडवते.
एक ओळ. तीन आठवड्यांची एक ओळ.

पाच वाजता टँकरवाल्या अर्वोचा फोन.
‘सातव्यापाशी?’
‘काल बावन्न. आज तिथला खांब बंद आहे.’
ती दोन्ही सांगते, आकडाही आणि नाहीही.
‘आठव्यापाशी?’
‘तिथे अजून मोजलेलंच नाही.’

‘बरं,’ तो म्हणतो, ‘गिरमिट घेऊन उतरतो.’

ती फोन कानाशी धरून बसते.
पलीकडे बर्फ करकरतंय
बुटांखाली.