तक्रार क्रमांक चौदा

मुयनाकची शेवटची गल्ली. पुढे जुन्या नकाशात निळा रंग
आणि जमिनीवर साक्सौलची काटकुळी झुडपं.
जोलमुर्झा आजोबांकडे मी चौदाव्यांदा आले,
नुकुसहून, कंपनीच्या गाडीने.

खोली म्हणजे चार भिंती, छत, फरशी,
सगळाच पडदा, आतून शिवल्यासारखा.
नातवाने सोलहून पैसे पाठवून बसवलेली.

पहिल्या दिवशी लावून दिला तो समुद्र उष्ण, नारळांचा.
नव्वदीला टेकलेला म्हातारा चहा फुंकत म्हणाला,
"हे कुणाचं पाणी?"

मग लाटा बुटक्या केल्या. पाणी गढूळ केलं.
खारेपणा उतरवला, कारण त्या पाण्याचा म्हणे चहा व्हायचा,
वाईट व्हायचा, पण व्हायचा.
वासाच्या नळीत डिझेल भरलं, ओलं जाळं,
मासे डबाबंद करायच्या कारखान्याची वाफ.
"कुरव फार सभ्य ओरडतात. आमचे भांडायचे."
तेही केलं.

सातव्या खेपेला भरती-ओहोटी काढून टाकली.
"आमच्याकडे ओहोटी एकदाच आली," तो म्हणाला.
मी हसले.
यंत्राने ऐकून ठेवलं.

तेव्हापासून भिंतीतलं पाणी
रोज वीतभर मागे सरकतंय.

या वेळी फोन बीबीसाराआजीने केला होता.
"आधी सोफ्याला लागायचं, आता डोळे बारीक करावे लागतात.
पैसे आम्ही समुद्राचे भरलेत."

पश्चिमेच्या भिंतीत चिखल. चिखलात कलंडलेली एक बोट,
तिच्या सावलीत उंट.
बोट मी घातली नव्हती.
रात्री-बेरात्री तो भिंतीशी काय काय बोलत असेल, कुणास ठाऊक.

एक कळ दाबली असती तर सगळं जागेवर आलं असतं.
मी पेटी उघडली.
"हात लावू नकोस," म्हातारा फरशीवर मांडी घालून,
बोटीवरची नजर न काढता म्हणाला,
"आत्ता कुठे जुळलंय.
वडील उतरतील अजून. उतरले होते."

दोष या रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबलं.
आजीने नान पुढे केला, वर साय.
मग माझ्या कानाशी वाकून, नवऱ्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने,
"चुलीकडची एक भिंत मला देशील?
ते पहिलं होतं ना, खोटं,
नारळाचं,
ते अजून आहे का तुझ्याकडे?"