जायफळाचं रोप

हर्णैला याची गरजच पडली नसती.
तिथं डिसेंबरातही समुद्र
रात्रभर ऊबदार श्वास सोडत असतो.

दापोलीत मात्र काल पहाटे
नळाचं पाणी दाताला लागलं
आणि मी कुंड्या आत घ्यायला लागले.

आधी मिरीचा वेल, खिडकीचा गज धरून बसलेला;
लहान मुलाची बोटं सोडवावीत
तसं एकेक पेर सोडवलं.
पडवीतली स्कूटर अंगणात काढली,
तिला थंडी सोसते.

शेवटी जायफळ. रंगाच्या डब्यात, पाचच पानं,
बुडाशी फुटकी बी अजून चिकटलेली.
रझियाभाभीनं पोफळीच्या विरीत गुंडाळून दिलं होतं:
"नर निघालं तर मला शिव्या घालू नकोस.
सात वर्षं तरी कळायचं नाही."

मी अडुसष्टची.
बेरीज तोंडावर आली होती,
तेवढ्यात डबा उचलायला वाकले.

फ्रिजच्या मागच्या कोमट कोपऱ्यात
जागा केली त्याला.

रात्री दिगंबर पाण्याला उठले,
डब्याला ठेचकाळले,
शिवी अर्ध्यावरच गिळली.
मग बराच वेळ काही नाही.
मग स्वयंपाकघराच्या खिडकीची
कडी लागल्याचा आवाज.