चोथा

पहिल्या वर्षी साली आम्ही वहाळात सोडल्या.
सुपारीखालची कॉफी, दोडामार्गाकडची,
सात गोणी लाल फळं,
आणि पास्कू लोबोने ट्रॉलरच्या मोडक्या गियरातून
बनवलेलं सोलायचं यंत्र.
त्याला अजून डिझेलचा वास यायचा,
बी मात्र सुटी पडायची, बुळबुळीत,
गऱ्यातून आठळी निसटावी तशी.

साली कुठे टाकायच्या, कुणी विचारलंच नाही.
तिसऱ्या दिवशी कुर्ल्या पाण्याबाहेर
दगडांवर येऊन बसल्या,
दिवसाढवळ्या, ओळीने,
माणसं ग्रामपंचायतीत बसतात तशा.
मी खाली गेले, पाणी हुंगलं,
वर येऊन यंत्र बंद केलं.

मग गोबरगॅसच्या टाकीत.
टाकीला ते आंबट मानवेना.
नऊ दिवस शेगडी निळी झाली नाही,
सासरे स्टोव्हवर पेज शिजवत राहिले
आणि स्टोव्हला उद्देशून मला बोलत राहिले.
पास्कू म्हणाला, पोट बिघडलंय तिचं,
चुना दे.
तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा भाजका चुना,
ज्याने आजवर आमच्याकडे फक्त पान रंगलं,
ओंजळ-ओंजळ, सकाळ-संध्याकाळ,
आजाऱ्याला भरवावं तसा.
दहाव्या दिवशी बर्नर खोकला. पेटला.

आता त्याच आगीवर बी भाजते.
फळ आपल्याच सालीवर भाजून निघतं,
ह्यात सांगण्यासारखं मोठं काही आहे का, ठाऊक नाही.
माझं लक्ष तडतडण्याकडे असतं;
एक श्वास उशीर, की कोळसा.

टरफलं सुपारीच्या बुंध्याशी जातात,
स्लरी अळवाला.
उरतो चोथा. वेंगुर्ल्याच्या बाजारात, माझ्या टपरीमागे,
बादलीभर, काळा, रोज.
तो सत्यभामा गिरप नेते,
बाजार उठल्यावर, बांगड्याची पाटी उपडी करून.
"टाकू नको गो, माका होयो."
बोटं, मनगटं, कोपरापर्यंत चोळते,
नळाखाली धरते, नाकाशी नेते, हसते.
चाळीस वर्षांचो वास, म्हणते, गेलो.

काल मात्र नुसतीच उभी राहिली बादलीपाशी.
घरचं मांजर म्हणे आता हात हुंगतं
आणि पाठ फिरवून जातं.
"आज एकच हात धुतंय," म्हणाली,
आणि डावा पदराखाली घेतला.