मोजून सोडतात

रविवार, सहाला पाच कमी.
रायबंदरच्या बांधावरचे दिवे अजून विझले नाहीत.
डावीकडे मांडवी, उजवीकडे मिठागरं,
आणि मधल्या रस्त्यावर आम्ही सव्वीस जण,
एकेकटे जाण्यासाठी जमलेले.

नंबर लावायला पिना दोनच मिळाल्या.
उरलेल्या दोन माझ्या पर्समधल्या, साडीच्या.
केरूबिनाने पाठीवर सोळा टाचला,
म्हणाली, "श्वास सोड गे, बाय,
फोटो नाही काढत तुझा."

सायकल भाच्याची, सीट दोन बोटं उंच.
वय त्रेचाळीस. नोकरी वीजखात्यात,
लोकांच्या भिंतींवरचे आकडे वाचायची.
डिचोलीतली कुत्री मला चालीवरून ओळखतात.

एकेक मिनिटाने सोडतात एकेकाला.
पंधरा नंबर गेला, त्याची पाठ लहान होत गेली,
मग समोर नुसता रस्ता,
जेवण्याआधीच्या पाटासारखा पुसलेला.

कायतान मागून येऊन सीट धरतो.
कदंबाचा जुना कंडक्टर,
दोरी ओढून बस सोडण्यात जन्म गेला त्याचा.
"दोनूय पाय वयर घे. पडची ना. हांव धरतां."

दोन्ही पाय वर. चाकं जागेवर.
अशी अधांतरी मागे कधी बसले होते?

कारापूरच्या माळावर, चौथीत.
बाबा सीट धरून मागे धावत होते,
"आहे, आहे, मी आहे" म्हणत,
आणि हे "आहे" जरा लांबून येतंय
असं लक्षात येईपर्यंत मी करवंदीच्या जाळीत.
पुष्कळ वर्षं पुरला मला तो राग.

कायतान तसलं काही करत नाही.
मोठ्याने मोजतो. पाच. चार.
ढकलायचं नाही, असा नियम आहे,
नुसतं सोडायचं. तीन. दोन.
त्याची बोटं सुटल्याचं मला
कमरेच्या मणक्यात कळलं.

पहिली पाच मिनिटं जगात माझ्यासारखी मीच.
(पाच कुठली. दीड.)
मग मतलई वारा तोंडावर आला,
चिखलाचा, खारफुटीचा वास घेऊन,
आणि मांड्यांत कुणीतरी चुना कालवायला घेतला.
सगळे सांगत होते, सुरुवातीला राखून जा.
मला वाटलं, ते इतरांना सांगताहेत.

फाडलेल्या कापडासारखा आवाज झाला.
सतरा नंबर. उर्वी वेळीप, काणकोणची, बारावीतली.
गेली.
तिच्या मागे चिकटून जायचं नाही,
दुसऱ्याने कापलेल्या वाऱ्यात शिरायचं नाही, हाही नियम.
मोठ्या जावेच्या पाठोपाठ वीस वर्षं
लग्नकार्यांना गेलेली मी,
आता हा वारा सगळा माझ्या एकटीचा.

वळणावरच्या कोनापाशी पाय टेकला.
टेकू नये म्हणतात. टेकला.
सूर्य पाठीशी आला, वारासुद्धा,
आणि पाव पोचवून परतणारा एक पोदेर
रिकाम्या टोपलीसकट माझ्या बाजूने चालवू लागला.
भोंगा वाजवून विचारलं त्याने,
"फाटल्यान कोण लागला गे?"
उत्तर होतं माझ्याकडे,
पण श्वास नव्हता.

चौदा मिनिटं बावन्न सेकंद.
सव्वीसातली पंचविसावी.
सव्विसावा पंक्चर झाला होता.

डांबरावर बसून मी वहीत आकडा बघितला,
कायतानच्या अक्षरात, शाई जरा ओली.
आमच्या खात्यात नव्या मीटरच्या
पहिल्या रीडिंगवर बिल निघत नाही.
नुसतं लिहून ठेवतात.

केरूबिना पिना काढू लागली.
दोन क्लबच्या, दोन माझ्या.
तिने मोजल्या, मी मोजल्या.
तीनच.
एक बांधावर कुठेतरी राहिली आहे.