ऐकीव

पहाटे पावणेपाचला बोगुमिल फाटकाशी उभा,
गळ्यात दुर्बीण, खिशात चार उकडलेली अंडी,
मीठ वर्तमानपत्राच्या पुडीत.
मोतीबिंदू काढल्यापासून गाडी मी चालवते.
तो शेजारी बसून खड्डे सांगतो,
खड्डा गेल्यावर.

एप्रिल सरत आलाय.
बिएब्झा अजून पात्रात परतली नाही,
कुरणांवर पसरून राहिली आहे
माहेरी आलेल्या बाईसारखी,
निघायचं नावच नाही.

आधी कब्रस्तान.
इथे दरवर्षी एक हुप्प्या येतो आणि नेमका
गेनोवेफा मास्तरणीच्या थडग्याभोवती किडे उकरतो.
"हिने मला दोनदा नापास केलं," बोगुमिल म्हणतो
आणि टोपी काढतो.
पक्ष्याला की बाईला, कळत नाही.
तुरा उलगडला, मिटला.
वहीत: हुप्प्या, एक.

वहीचा नियम एकेचाळीस वर्षांचा आहे.
स्वतः पाहिलं किंवा स्वतः ऐकलं, तेवढंच.
ऐकीव काही नको.

मग बंद डेअरीमागचं डबकं. वास अजून आंबट.
टिटव्या हवेत कोलमडतात,
कुणी मागून धक्का दिल्यासारख्या,
आणि जमिनीला लागायच्या आत सावरतात.
गंजक्या पाइपावर पिवळा धोबी.
पहारेकरी येतो, "काय मिळतं हो तुम्हाला यात?"
आणि उत्तराआधी स्वतःच सांगू लागतो:
दारच्या विजेच्या खांबावर करकोचा आलाय, नर, एकटाच.
घरटं नीट करून बसलाय.
मादी बारा दिवस झाले, आली नाही.
बारा. तो मोजतोय.
बोगुमिल त्याला एक अंडं देतो.

पुलावर वारा, दुर्बीण थरथरते.
मालगुजे पोटापर्यंत पाण्यात.
उंचवट्यावर रफचे नर गळपट्टे फुगवून,
एक तांबडा, एक काळा, एक पांढराशुभ्र,
लग्नात मानपानावरून रुसलेल्या व्याह्यांसारखे.
माद्या चरताहेत. त्यांचं लक्षसुद्धा नाही.
वर ढगांत कुठेतरी करडू बेंबटतं: पाणलावा.
"गळ्यातून नाही हं, शेपटीतून काढतो आवाज,"
तो मला दर वर्षी सांगतो.
"हो का?" मी दर वर्षी म्हणते.

दुपारी पाऊस. गाडीत बसून उरलेली अंडी.
मीठ ओलं झालेलं.

चारनंतर वाळुंजांच्या झुडपांपाशी थांबलो.
नाकतोडा-वटवट्या:
दुसऱ्या खोलीत कुणी शिवणयंत्र चालवतंय
आणि कापड संपतच नाही, असा.
मला लगेच लागला.
बोगुमिल वहीची मागली पानं चाळत होता.
गेल्या वर्षी चोवीस तारीख. त्याआधी बावीस.
"यंदा उशीर झाला याला," म्हणाला.
मी गप्प.
त्याने माझ्याकडे पाहिलं.
"गातोय?"
"हो."
"कुठे?"
मी बोट दाखवलं, तीस पावलांवर असेल.
तो तिकडे तोंड करून उभा राहिला,
टोपी वर सरकवलेली, कानामागे तळवा,
बूट हळूहळू चिखलात जाताहेत.
मग मनगट पुढे केलं.
"चालू असेल तोवर बोट ठेव. थांबला की उचल."
मी ठेवलं. खाली त्याची नाडी,
वर ती बारीक, न तुटणारी घरघर,
आणि मध्ये माझं एक बोट, काय करावं न कळणारं.
उचललं.
"एक मिनिट बारा सेकंद," तो म्हणाला. "दमाचा आहे."
पेन्सिल बराच वेळ कागदाला टेकून राहिली.
रकाना त्याने कोराच ठेवला.
समासात, बारीक अक्षरात: तेक्ला, ७२ से.

अंधारताना बर्चच्या रानाकाठी शेवटचा मुक्काम.
डास. एक कोल्हा, आम्हाला न जुमानता.
रानपाणलावा झाडांच्या शेंड्यांवरून आला, वटवाघळासारखा,
आधी दोन-तीनदा घोगरा, मग एक टोकदार चिवकार,
पुन्हा घोगरा.
"घोगरा ऐकला," तो म्हणाला, "तेवढा पुरे."
आणि टॉर्च दातांत धरून लिहू लागला.
टोकदार मी कुणाला सांगितला नाही.

परतताना त्याने एक खड्डा
खड्ड्याआधी सांगितला.