पिवळी पाटी

तात्रामध्ये वाटेवरच्या पाट्या अंतर सांगत नाहीत,
वेळ सांगतात.
पिवळ्या पत्र्यावर काळी अक्षरं:
तळ्याकाठचं विश्रामघर, दोन तास दहा मिनिटं.
कुणाचे दोन तास,
ते लिहिलेलं नसतं.

बाबा म्हणायचे, "ही वेळ पेन्शनरांसाठी,"
आणि मला न् ब्लाझेनाला मेंढरांसारखं हाकत
दीड तासात वर न्यायचे.
दार ढकललं की आधी घड्याळाचा हात आत जायचा,
मग बाबा.
आई खूप मागून यायची,
जांभळी झालेली बोटं स्वेटरला पुसत.
"वाटेत काय काय दिसलं गं?"
आम्ही एकमेकींकडे बघायचो.
बाबांची पाठ दिसली होती.

यंदा ऑगस्टात आठवडाभर खोली घेतली,
चार खाटा, त्यातली कुरकुरणारी दुशाननं स्वतःहून घेतली.
बाबांचा गुडघा फेब्रुवारीत बदललाय.
घड्याळ आता कोर्नेलच्या मनगटावर,
पट्ट्याला खिळ्यानं जास्तीचं भोक पाडून.
पाटीपाशी तो थांबला, काटे पाहिले,
नऊ वर्षांच्या गंभीर आवाजात म्हणाला,
"देदो, निघायचं?"

पहिला तास बरा गेला.
मग बुटके पाइन संपले, नुसता दगड सुरू झाला.
कुठंतरी मार्मोटनं शीळ घातली.
खालून एक भारवाहक आला,
पाठीवरच्या लाकडी चौकटीत कोबीचे गड्डे, पाव, गॅसची टाकी,
सगळं त्याच्या डोक्याच्याही वर.
"अहोय," म्हणाला आणि गेलाही.
या डोंगरात भेटेल त्याला नमस्कार करायची रीत आहे.
बाबांनी नुसती टोपी उचलली.
शब्दाला पुरेल इतका श्वास नव्हता.

थोडं पुढे गेल्यावर म्हणाले,
"तुम्ही व्हा पुढं. नाडी सुटलीय."
आणखी थोडं पुढे, पुन्हा नाडी.
तिसऱ्या वेळी मी मागे वळून नीट पाहिलं:
त्यांच्या नव्या बुटांना नाड्याच नाहीत,
चिकटपट्ट्या आहेत.

मग मीही वाकले.
माझ्या नाड्या घट्ट होत्या.
सोडल्या. बांधल्या.
पुन्हा सोडल्या.
बाबा माझ्याकडे बघत होते की दरीकडे, कळलं नाही.
हाताशी झुडपं होती, गच्च ब्लूबेरींनी भरलेली,
त्यांनी एक तोडली. मग मूठभर.
"तुझी आई इथंच थांबायची," म्हणाले.
त्यांना हे कसं माहीत?
ते तर नेहमी पुढे असायचे.
मी विचारलं नाही.

विश्रामघरात पोचलो तेव्हा तळ्यावरचं ऊन गेलं होतं,
सूपही संपलं होतं.
कोर्नेल दारातच उभा, हात पुढे करून:
"दोन तास दहा. बरोब्बर!"
शेगडीवरचं भिंतीवरचं घड्याळ
तासाहून जास्त पुढे होतं.
दुशाननं खिशातून फोन काढला, पाहिला,
परत खिशात टाकला.
बाबांनी भिंतीकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं,
पोराच्या लाल झालेल्या कानांकडे पाहिलं.
"इथली घड्याळं पुढे पळतात," म्हणाले,
"हवा विरळ असते ना."
आणि लिंबू घातलेला चहा मागवला, सगळ्यांसाठी,
स्वतःच्या कपात चमचाभर रम.

रात्री माळ्यावर अठरा माणसं घोरत होती,
कठड्यावर ओले मोजे, लोकरीचा वास.
जाग आली तर बाबा बसलेले,
झोपलेल्या कोर्नेलचा हात अलगद मांडीवर घेऊन.
वाटलं, काटे सरळ करतायत.
त्यांनी फक्त चावी दिली,
आठ-दहा फेरे, हळू,
आणि हात पांघरुणात परत ठेवला.

सकाळी खालची बस चुकली.
थांब्यावर दीड तास बसलो,
पिशवीतली शेवटची वेफर पाच जणांत वाटली,
पाचवा भाग कुणाचा, हे कोर्नेलनं विचारलं
आणि मग स्वतःच
मुंग्यांना दिला.