नोंद नसलेली काडेपेटी

वेसायोकीला बस थांबते ती थेट धुरांड्यापाशी.
धूर बंद होऊन पन्नासएक वर्षं झाली,
तरी वारा कुठला ते सांगताना
गावातले लोक अजून तिकडंच बघतात.

नोव्हेंबर. दुपारचे तीन, आणि उजेड उतरणीला.
तिकीट सात युरो. कोट टांगायला खुंट्या,
खुंट्यांवर पितळी आकडे, एक ते दोनशे बारा.
आकडे जुनेच. पूर्वी इथं
पेट्या भरणाऱ्या बायकांचे ॲप्रन असायचे.
माझा कोट एकशे चाळीसवर.
एकशे चाळीस कोण होती, कुठं लिहिलेलं नाही.

वाळवणघरात आता अंधार मांडून ठेवलाय.
टांपेरेच्या कुणा तरुण मुलीची कलाकृती आहे.
चारशे दिवे, सगळे विझलेले.
आपण चालू लागलो की आपल्या मागचा एकेक लागत जातो,
पुढचा कधीच नाही.
शाळेची सहल आलीये. एक पोरगं
उलटं चालून बघतं.
दिवे थोडे गोंधळतात,
मग त्याच्या पाठीमागं लागायचं सोडून
त्याच्या तोंडासमोर लागू लागतात,
आणि ते एवढं हसतं
की मास्तरीण त्याला बाहेर काढते.

इतिहास जिन्याखालच्या फळीवर आहे.
काड्यांचा कारखाना, एकोणीसशे सात.
बंद, चौऱ्याहत्तर.
पुढं सात वर्षं कबुतरं.
मग पाडायचा ठराव.
चित्रकलेचे मास्तर ओइवा लेहतिसालो तेव्हा
शाळेच्या व्यायामशाळेत चित्रं साठवत होते,
काडी काडी करून,
कुणाकडून मागून, कुणाला जेवू घालून.
नगरसभेत कुणीसं म्हणालं,
असल्या फडक्यांना काडीची किंमत नाही.
मास्तर उठले. म्हणाले,
काडीची किंमत निदान या गावाला तरी शिकवू नका.
अकरा विरुद्ध दहा. इमारत वाचली.

फळीवर नाही ते आउने सांगते,
कोपऱ्यातल्या खुर्चीवरून, गुडघ्यावर किल्ल्यांचा जुडगा.
अकरावा हात बेकरीवाल्या किउरूचा.
पहाटे दोनपासून भट्टीशी उभा,
सभेत डुलकी लागलेली,
शेजाऱ्यानं ढोसलं म्हणून वर गेला.
पुढं मरेपर्यंत तो सांगायचा
की आपल्याला आधुनिक चित्रकला कळते.

शेवटच्या हंगामात आउने सोळा वर्षांची होती.
ॲस्पेनच्या काड्या चौकटीत लावायच्या,
चौकट गुलात बुडवायची,
रात्री उशीला गंधकाचा वास.
शेवटच्या आठवड्यातली एक भरलेली पेटी
तिच्या गणवेशाच्या खिशात आहे,
वर निळी होडी, कडा झिजलेल्या.
इमारतीत आगकाडी आणायला सक्त मनाई.
पाटी तिच्याच डोक्यावर आहे.

संग्रहात लेबलं दोनशे, भरलेली पेटी एकही नाही.
चारदा मागून झाली.
हेलसिंकीहून आलेली नवी संचालिका तर
अर्ज भरूनच घेऊन आली होती,
नुसती सही करायची.
‘एकदा नंबर पडला
की ती पुन्हा पेटायची नाही,’ आउने म्हणते.

पाचला ती दिवे मालवते. आज सर्वसंतांचा शनिवार,
अख्खं गाव मेणबत्त्या घेऊन कबरस्तानाकडं.
मी तिच्यामागून.
हेल्वीच्या दगडापाशी ती वाकते.
‘एकशे चाळीस का?’ मी विचारतो.
‘छे. हेल्वी सत्त्याऐंशी.
एकशे चाळीस मला नाही आठवत.’

पहिली काडी मोडते.
दुसरीचा गुल नुसताच चुरतो.
तिसरी घासल्यावर जरा विचार करते
आणि धरते.
आउनेचा तळवा आपसूक वाऱ्याच्या आड.
मेणबत्तीची वात लागते, हेल्वीचं आडनाव दिसतं,
दगडावरचं शेवाळ दिसतं.

‘मी मोजत नाही,’ ती म्हणते. ‘एकोणीस राहिल्यात.’
आणि जळकी काडी पेटीतच परत ठेवते,
डोकं उलट्या बाजूला करून.